विसाव्या वर्षी विमान कुणाचं?

१९७८ साली भारतीय हवाई दल कॅनबेरा आणि हंटर या वयोवृद्ध विमानांच्या जागी शत्रूच्या मुलखात खोलवर मारा करणारं विमान शोधत होतं. शर्यतीत तीन विमानं होती: ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून बनवलेलं जग्वार, फ्रान्सचं मिराज एफ-१ आणि स्वीडनचं विगेन. त्यातलं विगेन बाहेर पडलं, पण त्याचं कारण त्याच्या वेगात किंवा पल्ल्यात नव्हतं. त्याचं इंजिन स्वीडनमध्ये व्होल्वो बनवत होती, मूळ रचना मात्र प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकी कंपनीच्या प्रवासी विमानाच्या इंजिनाची होती. तेवढ्या आधारावर अमेरिकेने विगेन भारताला विकायला परवानगी नाकारली. विकणारा देश एक, घेणारा दुसरा, आणि नकार आला तिसऱ्याच राजधानीतून. भारताने जग्वार निवडलं, १९७९ च्या जुलैमध्ये पहिली जग्वार अंबाल्याला उतरली आणि त्या जातीची विमानं आजही आपल्या ताफ्यात आहेत.

लढाऊ विमानाच्या निवडीवर आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक वेळा विमानाभोवतीच फिरते. कोणतं जास्त वेगवान, कोणाचं रडार लांबचं पाहतं, कोण किती क्षेपणास्त्रं वाहून नेतं, कोण स्वस्त. हे प्रश्न खोटे नाहीत, वैमानिकाचा जीव त्यांच्यावर अवलंबून असतो. पण लढाऊ विमान चाळीस वर्षं वापरायचं असतं. घेतलं त्या दिवशीचं रडार पंधरा वर्षांत जुनं होतं, क्षेपणास्त्र त्याहून लवकर, आणि ज्या युद्धासाठी विमान घेतलं ते युद्ध बहुतेक वेळा होतच नाही, वेगळंच होतं. म्हणून निवडीचा पहिला निकष हा असायला हवा: विसाव्या वर्षी या विमानात बदल करण्याचा अधिकार कुणाकडे असेल? त्यावर आपलं क्षेपणास्त्र लावायचं ठरलं, तर कुणाला विचारावं लागेल? इंजिनाची मोठी दुरुस्ती कुठे होईल, आणि ती थांबवणं कुणाच्या हातात असेल? गेल्या साठ वर्षांचा आपला अनुभव या प्रश्नाकडे पुन्हापुन्हा बोट दाखवतो, आणि आपली निवडप्रक्रिया तो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारते.

आधी आजची स्थिती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ मध्ये दाखल झालेलं हे विमान बासष्ट वर्षं सेवेत राहिलं, आणि ते गेल्यावर हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या २९ स्क्वाड्रन उरल्या. मंजूर संख्या ४२ आहे. एका स्क्वाड्रनमध्ये सोळा ते अठरा विमानं धरली, तरी तूट दोनशेच्या वर जाते. शिवाय जग्वार, मिराज-२००० आणि जुनी मिग-२९ पुढच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने निवृत्त होतील, म्हणजे आणखी दहाच्या आसपास स्क्वाड्रन. पाकिस्तानने २०२२ मध्ये चीनचं जे-१०सी दाखल केलं. चीन स्वतः जे-२० ही रडारला सहज न दिसणारी विमानं मोठ्या संख्येने बनवतो आहे, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या पुढच्या पिढीच्या विमानांची उड्डाणं जगाने पाहिली.

ही तूट एका रात्रीत आलेली नाही. मिग-२१ ची जागा घेणाऱ्या बहुउद्देशी विमानाचा शोध २००१ मध्ये सुरू झाला. २००७ च्या ऑगस्टमध्ये १२६ विमानांची निविदा निघाली आणि सहा विमानं पुढे आली: अमेरिकेची एफ-१६ आणि एफ/ए-१८ सुपर हॉर्नेट, रशियाचं मिग-३५, स्वीडनचं ग्रिपेन, चार युरोपीय देशांचं टायफून आणि फ्रान्सचं राफेल. पुढे ज्या चाचण्या झाल्या त्यांचं कौतुक करायलाच हवं. बंगळूरूत, जैसलमेरच्या वाळवंटात आणि दहा हजार फुटांहून उंचावरच्या लेहच्या धावपट्टीवर आपल्या वैमानिकांनी प्रत्येक विमान ६४३ मुद्द्यांवर तपासलं. विरळ हवेत इंजिन पुन्हा सुरू होतं का, उन्हात रडार किती तग धरतं, सगळं मोजलं. केवळ खरेदीची किंमत न पाहता पूर्ण आयुर्मानाचा खर्च काढण्याची पद्धतही आपण या निविदेत वापरली. २०११ च्या एप्रिलमध्ये टायफून आणि राफेल उरले, आणि ३१ जानेवारी २०१२ रोजी राफेलची बोली सर्वांत कमी ठरली.

आणि त्यानंतर सगळं अडलं. १२६ पैकी १८ विमानं तयार यायची होती आणि १०८ हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएल बनवणार होती. या १०८ विमानांची हमी कोण देणार, यावर एकमत होईना. भारतात ती बनवायला फ्रान्सच्या तुलनेत २.७ पट मनुष्यतास लागतील, हा मुद्दाही पुढे सरकारने सर्वोच्च न्यायालयात मांडला. तीन वर्षं वाटाघाटी झाल्या. १० एप्रिल २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पॅरिसमध्ये ३६ तयार राफेल घेण्याची घोषणा केली, जुनी निविदा रद्द झाली आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या उपस्थितीत ७.८७ अब्ज युरोंचा करार झाला. छत्तिसावं विमान डिसेंबर २०२२ मध्ये आलं. एकवीस वर्षं शोध घेऊन दोन स्क्वाड्रन हाती लागल्या. या प्रकरणावर देशात जो गदारोळ झाला तो किंमत आणि भागीदार कंपनी यांवर. माझ्या मते त्यातला मोठा धडा बाजूला पडला. आपण विमानाची ६४३ मुद्द्यांवर परीक्षा घेतली, पण ज्यावर व्यवहार मोडला ते मुद्दे, म्हणजे भारतात बनलेल्या विमानाची जबाबदारी, तंत्रज्ञानावरचा हक्क आणि कामाचा वेग, बोली उघडण्याआधी कागदावर पक्के केले नव्हते. विमानाची परीक्षा काटेकोर झाली आणि संबंधाची परीक्षा राहून गेली.

किंमतीच्या आकड्यांतही हेच दिसतं. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या तपशिलानुसार ७.८७ अब्ज युरोंपैकी मोकळ्या ३६ विमानांचे सुमारे ३.४ अब्ज होते. बाकी रक्कम भारताने मागितलेल्या खास बदलांची, क्षेपणास्त्रांची, सुट्या भागांची, प्रशिक्षणाची आणि ताफ्यातली ७५ टक्के विमानं कायम उड्डाणाला तयार ठेवण्याच्या हमीची. म्हणजे निम्म्याहून अधिक पैसा विमान भारताच्या कामाचं करण्यावर आणि ते उडतं ठेवण्यावर गेला. एका विमानाची किंमत किती, हा प्रश्न निवडणुकीच्या सभेत सोपा वाटतो, पण हवाई दलासाठी त्याला फारसा अर्थ नाही.

बदल करण्याची मोकळीक किती मोलाची असते हे आपल्याच ताफ्यातल्या दोन विमानांनी दाखवलं आहे. जग्वार आलं तेव्हा त्याची दिशादर्शन आणि नेम साधण्याची मूळ यंत्रणा समाधानकारक नव्हती. भारतीय शास्त्रज्ञांनी आणि हवाई दलाने १९८० च्या दशकात ‘डॅरिन’ नावाची आपली यंत्रणा तिच्या जागी बसवली, पुढे तिच्या दोन सुधारित आवृत्त्या केल्या, आणि त्यामुळेच हे विमान इतकी वर्षं कामाचं राहिलं. मिराज-२००० चं उदाहरण त्याहून बोलकं आहे. १९८२ मध्ये त्याचा करार झाला तो पाकिस्तानला अमेरिकेकडून मिळणाऱ्या एफ-१६ ला उत्तर म्हणून, मुख्यतः आकाशातल्या लढाईसाठी. १९९९ मध्ये कारगिलमध्ये गरज वेगळीच निघाली. सोळा-सतरा हजार फुटांवरच्या बर्फाळ कड्यांवर बसलेल्या शत्रूवर अचूक बाँब टाकायचा होता. इस्रायली बनावटीचं लेझर नेमयंत्र मिराजवर काही आठवड्यांत जोडलं गेलं, आणि २४ जूनला टायगर हिलवर लेझरने मार्ग दाखवलेला बाँब पडला. वीस वर्षांनी, २६ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटला गेली तीही हीच विमानं. एका देशाच्या विमानावर दुसऱ्या देशाचं नेमयंत्र युद्ध चालू असताना जोडता आलं, म्हणून ते बहुउद्देशी ठरलं. जाहिरातीतल्या तक्त्यात ती नोंद नव्हती.

आता सुखोई-३० एमकेआयकडे पाहू, कारण त्यात यश आणि अपयश दोन्ही एकत्र आहेत, आणि महाराष्ट्राचा त्याच्याशी थेट संबंध आहे. नाशिकजवळच्या ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहिला तो मिग-२१ साठी. तिथे पुढे मिग-२७ बनलं आणि २००० सालच्या परवाना करारानंतर सुखोई. भारताने घेतलेल्या २७२ सुखोईंपैकी बहुसंख्य ओझरच्या धावपट्टीवरून उडाली, आणि या विमानाची पहिली स्क्वाड्रन २००२ मध्ये पुण्याला लोहगावला दाखल झाली. या विमानाच्या मुख्य संगणकासह अनेक उपकरणं भारतीय आहेत. त्यामुळेच अडीच टनांचं ब्राह्मोस क्षेपणास्त्र त्याच्या पोटाखाली लावता आलं. त्यासाठीचे फेरफार ओझरलाच झाले, २०१६ मध्ये उड्डाण झालं आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर पहिला मारा यशस्वी झाला. ‘अस्त्र’ हे आपलं हवेतून हवेत मारा करणारं क्षेपणास्त्रही याच विमानावर सिद्ध झालं. जगातल्या फार थोड्या खरेदीदारांना परक्या विमानात असा बदल करता आला आहे.

याच सुखोईची दुसरी बाजू कॅगच्या २०१५ च्या अहवालात आहे. ७५ टक्के विमानं सज्ज असायला हवी होती, प्रत्यक्षात ५५ ते ६० टक्केच होती. सुटे भाग रशियाकडून वेळेवर येत नव्हते आणि मोठ्या दुरुस्तीची सोय उशिरा उभी राहिली. पर्रीकरांनी पाठपुरावा केल्यावर स्थिती काहीशी सुधारली, पण मूळ दुखणं राहिलं. विमान ओझरला बनत होतं, त्याची विशिष्ट धातूची पट्टी, सील किंवा बेअरिंग मात्र परदेशातून येत होतं. परवान्यावर उत्पादन आणि स्वतःचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि तरीही कारखाना बंद पडू देणं याहून वाईट. सुखोईची मोठी मागणी संपल्यावर ओझरच्या उत्पादनाला खंड पडला, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये साडेतेरा हजार कोटी रुपयांच्या करारात आणखी १२ सुखोई मागवाव्या लागल्या. अशा खंडात कुशल कारागीर पांगतात, शेकडो लहान पुरवठादार दुसऱ्या धंद्याला लागतात, आणि ती साखळी पुन्हा जुळवायला वर्षं लागतात. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला स्वदेशी तेजस मार्क-१ए या हलक्या लढाऊ विमानाची तिसरी उत्पादन शृंखला सुरू झाली, ही म्हणूनच नाशिककरांनी आणि सगळ्यांनीच आनंद मानण्याजोगी घटना आहे.

मात्र सगळ्या चर्चेचा कणा इंजिन आहे. कुर्त टँक या जर्मन अभियंत्याने एचएएलमध्ये घडवलेलं मारुत हे लढाऊ विमान १९६१ मध्ये आकाशात झेपावलं. आराखडा आवाजापेक्षा वेगवान विमानाचा होता. त्यासाठी ठरवलेलं ताकदवान ऑर्फिअस इंजिन विकसित करण्याचा पैसा ना ब्रिटनने दिला ना आपण. कमी ताकदीची दोन इंजिनं लावून मारुतला समाधान मानावं लागलं. १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळवंटात त्याने उत्तम काम केलं, पण जे व्हायचं होतं ते ते कधीच झालं नाही. १९८९ मध्ये मंजूर झालेल्या कावेरी इंजिनाला अपेक्षित ताकद गाठता आली नाही आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं करण्यात आलं. त्याचा परिणाम आज दिसतो. २०२१ मध्ये आपण ८३ तेजस मार्क-१ए मागवले आणि त्यांच्यासाठी जनरल इलेक्ट्रिककडे ९९ इंजिनं. पहिली विमानं २०२४ च्या मार्चपर्यंत यायची होती. पहिलं इंजिनच २०२५ च्या मार्चमध्ये आलं. उशिराचा सगळा दोष इंजिनावर टाकता येणार नाही, एचएएलच्या कामाचा वेगही त्याला जबाबदार आहे. हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग यांनी २०२५ मध्ये जाहीरपणे नाराजी व्यक्त केली ती रास्तच होती. पण विमानाचा सांगाडा तयार असून इंजिनाची वाट पाहावी लागणं ही तीच जुनी गोष्ट आहे.

इतर देशांनीही या धड्याची किंमत मोजली आहे. तुर्कस्तान अमेरिकेच्या एफ-३५ या लढाऊ विमानाचा केवळ ग्राहक नव्हता, त्याचे भाग बनवणारा भागीदार होता. त्याने रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली आणि २०१९ च्या जुलैमध्ये अमेरिकेने त्याला कार्यक्रमाबाहेर काढलं. भरलेले पैसे अडकले, विमानं मिळाली नाहीत. आपल्याकडेही एस-४०० आहे. टायफूनच्या बाबतीत ब्रिटन सौदी अरेबियाला विमानं द्यायला तयार असताना जर्मनीने २०२४ च्या जानेवारीपर्यंत संमती अडवून धरली होती, कारण ते विमान चार देशांचं आहे. आपल्या चाचण्यांनंतर २०११ मध्ये टायफून आणि राफेल बरोबरीने टिकले, पण या कसोटीवर ते बरोबरीचे नव्हते. ब्राझीलने मात्र २०१३ मध्ये ग्रिपेन निवडताना शिक्षणावर भर दिला. त्यांचे अभियंते स्वीडनला जाऊन आराखड्यावर बसले, परत येऊन दोन आसनी आवृत्तीवर काम केलं, आणि आता जुळणी ब्राझीलमध्ये होते. विमानं उशिराने येत आहेत, इंजिनही अमेरिकीच आहे. तरीही शिकलेलं ज्ञान त्यांच्याकडे राहणार आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे सगळं दीर्घकाळचं झालं, लढाई मात्र आज होते, आणि तेव्हा सर्वोत्तम विमानच हवं. २०२५ च्या मेमध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी काय झालं ते यासाठी नीट पाहायला हवं. भारत आणि पाकिस्तान, दोन्हीकडची विमानं आपापल्या हद्दीत राहून, एकमेकांना न पाहता लढली. चिनी बनावटीच्या पीएल-१५ क्षेपणास्त्राचे अवशेष पंजाबात होशियारपूरजवळ सापडले. आपलंही नुकसान झाल्याचं संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी मान्य केलं, आकडा दिला नाही. पाकिस्तानी दाव्यांत किती तथ्य यावर मी शिरणार नाही. लढाईचं स्वरूप मात्र निर्विवाद आहे. तिथे विमानाच्या चपळाईपेक्षा क्षेपणास्त्राचा पल्ला, टेहळणी विमान आणि या सगळ्यांना जोडणारी माहितीची साखळी महत्त्वाची ठरते. आपला ताफा रशियन, फ्रेंच, इस्रायली आणि स्वदेशी यंत्रांचा आहे. ही यंत्रं एकमेकांशी बोलती करायची, त्यांच्यावर ‘अस्त्र’च्या पुढच्या लांब पल्ल्याच्या आवृत्त्या लावायच्या, तर विमानाच्या संगणकापर्यंत आपला हात पोहोचला पाहिजे. म्हणजे आजच्या लढाईचं उत्तरही त्याच अधिकारात आहे.

दुसरा आक्षेप: थेट पाचव्या पिढीचं, म्हणजे रडारला सहज न दिसणारं विमान का घेऊ नये? २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने एफ-३५ ची वाट मोकळी करण्याची भाषा केली, रशिया सुखोई-५७ पुढे करतो. एफ-३५ हे विलक्षण विमान आहे यात शंका नाही. पण त्याचं संगणकप्रणालीचं प्रत्येक अद्ययावतीकरण आणि सुट्या भागांची साखळी अमेरिकेच्या हाती असते, आणि तुर्कस्तानचं उदाहरण वर दिलंच आहे. सुखोई-५७ च्या संयुक्त प्रकल्पातून भारत २०१८ मध्ये बाहेर पडला तो विमानाच्या क्षमतेबद्दल आणि तंत्रज्ञानातल्या वाट्याबद्दल समाधान नसल्याने. आपल्या अ‍ॅम्का या पाचव्या पिढीच्या स्वदेशी विमानाला २०२४ च्या मार्चमध्ये १५,००० कोटी रुपये मंजूर झाले आहेत. ते ताफ्यात यायला पुढचं दशक निम्मं सरेल, तोवरची पोकळी कशाने तरी भरावी लागेल.

मग फक्त तेजस का नको, असा तिसरा प्रश्न येतो, आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. ८३ आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मागवलेली ९७ मिळून १८० मार्क-१ए येणार आहेत. बंगळूरू आणि नाशिक पूर्ण क्षमतेने चालले तर वर्षाला २४ विमानं, म्हणजे साधारण दीड स्क्वाड्रन. १८० विमानांत दहाच्या आसपास स्क्वाड्रन होतात, आणि नेमक्या तेवढ्याच याच काळात निवृत्त होणार आहेत. तेजसने घसरण थांबेल, तूट भरणार नाही. शिवाय हलकं, एक इंजिनाचं विमान तिबेटच्या पठारापर्यंत जड शस्त्रं घेऊन जाऊ शकत नाही. ड्रोनमुळे वैमानिक लागणारच नाहीत हा युक्तिवाद तूर्त घाईचा आहे. चीन, अमेरिका आणि युरोप, सगळे आजही वैमानिक बसेल अशी विमानं बनवत आहेत आणि ड्रोन त्यांच्या जोडीला देत आहेत.

राहिला स्पर्धेचा मुद्दा. २०१८ च्या एप्रिलमध्ये सुमारे ११० विमानांसाठी माहिती मागवली गेली, पुढे हा आकडा ११४ झाला, आणि आता ती भारतात बनणारी राफेलच असावीत हा प्रस्ताव पुढे आहे. एकाच विक्रेत्याशी बोलणी केली तर भाव वाढतो, हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हलका करत नाही. पण त्याच विमानांना पुन्हा लेह-जैसलमेरला उडवून नवीन काय कळणार? राफेल आपल्याकडे आधीच आहे, अंबाला आणि हाशिमाऱ्याला त्याची सोय उभी आहे, नौदलाने २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याचीच २६ मागवली, आणि टाटांच्या हैदराबादच्या कारखान्यात त्याचे सांगाडे बनणार आहेत. त्याचं इंजिनही फ्रेंच आहे, म्हणजे तिसऱ्या राजधानीची परवानगी लागण्याची शक्यता कमी. म्हणून माझा कौल राफेलच्या बाजूने आहे, पण बिनशर्त नाही. भारतीय क्षेपणास्त्रं आणि संपर्कयंत्रणा आपल्या हाताने जोडण्याचा अधिकार करारात स्पष्ट शब्दांत हवा. पूर्ण सोर्स कोड कोणीच देत नाही हे मान्य, पण शस्त्रं जोडण्याची दारं उघडी ठेवता येतात, सुखोईने ते दाखवलं आहे. इंजिनाची पूर्ण दुरुस्ती भारतात हवी आणि सज्जतेची हमी पाच वर्षांची नाही, विमानाच्या आयुष्याची हवी. ११४ चा एकरकमी आकडा जाहीर करण्यापेक्षा पहिला हप्ता लहान ठेवून पुढच्या हप्त्यांचा भाव आजच ठरवावा, म्हणजे विक्रेता आपला शब्द पाळेल. आणि या अटी सही होण्याआधी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर याव्यात. गोपनीयता रडारच्या पल्ल्याला लागते, अधिकार कुणाचा याला लागत नाही.

या अटी फ्रान्सला मान्य नसतील, तर ११४ ऐवजी आणखी ३६ घ्यावीत, तेजसच्या पुढच्या आवृत्तीला, मार्क-२ ला, वेग द्यावा आणि वाचलेला पैसा इंजिनावर लावावा.